यॉर्कचे शताब्दी चॅपेल: जेम्स सिम्पसन यांच्या कारकिर्दीतील एक प्रकरण

चर्च ऑफ इंग्लंड या राज्याच्या अधिकृत चर्चमधून पुढे मेथडिस्ट पंथ निघाला. त्याचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये ब्रिस्टल आणि लंडन येथे मेथडिस्टांच्या पहिल्या मंडळ्या जमवल्या, तेव्हा चळवळीकडे स्वतःच्या मालकीच्या इमारती जवळजवळ नव्हत्या आणि प्रवचने बहुधा उघड्यावर होत. शंभर वर्षांनी परिस्थिती पार पालटली होती. एकट्या वेस्लियन, म्हणजे मेथडिस्टांच्या मूळ शाखेची ब्रिटनमधील सभासदसंख्या सव्वातीन लाखांच्या घरात गेली होती आणि शताब्दीनिमित्त उभारलेल्या निधीत दोन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्या निधीतून धर्मशिक्षणाच्या संस्था आणि लंडनमधील मिशनचे मुख्यालय उभे राहिले. गावोगावच्या मंडळ्यांनी मात्र आपापल्या ऐपतीप्रमाणे शताब्दी साजरी केली, आणि ऐपतीपेक्षा थोडे अधिक करण्याचा मोह अनेकांना झाला. यॉर्क येथील मंडळीने सेंट सेव्हियरगेट या रस्त्यावर नवे चॅपेल, म्हणजे राज्यचर्चबाहेरच्या पंथाचे प्रार्थनागृह, बांधायचे ठरवले आणि त्याचे नावच शताब्दी चॅपेल ठेवले. सुमारे दीड हजार माणसे बसतील, प्रत्येकाला प्रवचन ऐकू जाईल, शहरात मान राहील आणि विश्वस्त कर्जात बुडणार नाहीत, अशा चार अपेक्षा त्या एका इमारतीकडून होत्या. हे काम लीड्सचे जेम्स सिम्पसन यांच्याकडे गेले आणि १८४० मध्ये चॅपेल उघडले.

सिम्पसन (१७९१–१८६४) हे आज वास्तुकलेच्या इतिहासाच्या मुख्य प्रवाहात क्वचितच भेटणारे नाव आहे. ते सुतारकामातून पुढे आले आणि स्वतः वेस्लियन होते. या दोन्ही गोष्टी त्यांच्या कारकिर्दीला निर्णायक ठरल्या असे मला वाटते. चॅपेलच्या आतील बहुतेक गोष्टी, म्हणजे बाके, गॅलरीचा पुढचा कठडा, जिने, प्रवचनपीठ आणि वरचे छताचे सांगाडे, या लाकडाच्या असत. ज्याच्या हाताखालून लाकूड गेले आहे, त्याला एक बाक किती इंच खोल असले तर माणूस तासभर बसू शकतो आणि किती कमी केले तर आणखी एक रांग निघते, हे कागदावर हिशेब न मांडताही कळते. दुसरे असे की पंथाचा माणूस असल्यामुळे विश्वस्तांच्या बैठकीत कशावरून भांडण पेटते हे त्यांना ठाऊक असणार. लीड्समध्ये ते सर्वांनीच पाहिले होते. तेथील ब्रन्स्विक चॅपेलमध्ये १८२७ मध्ये ऑर्गन बसवण्यावरून वाद झाला, स्थानिक पुढाऱ्यांचा विरोध डावलून पंथाच्या सर्वोच्च वार्षिक परिषदेने परवानगी दिली आणि सुमारे हजार माणसे बाहेर पडून त्यांनी प्रोटेस्टंट मेथडिस्ट म्हणून वेगळी चूल मांडली. एका वाद्यावरून मंडळी फुटू शकते, हे ज्या शहरात घडले त्याच शहरात सिम्पसन यांचे कार्यालय होते.

यॉर्कच्या आधी त्यांच्या नावावर लीड्सचे ऑक्सफर्ड प्लेस चॅपेल (१८३५) होते, आणि पुढे नेवार्क येथील बार्नबी गेट चॅपेल (१८४६) यांसारखी कामे आली. उत्तर इंग्लंडमधील वेस्लियन विश्वस्तांना मोठे चॅपेल हवे झाले की सिम्पसन यांचे नाव निघत असे. ही लोकप्रियता अभिरुचीपेक्षा विश्वासावर उभी होती. इमारत वेळेत पुरी होईल, आवाज पोहोचेल, बाके भाड्याने जातील, एवढी खात्री विश्वस्तांना हवी होती.

या कामामागे वेस्ली यांचे जुने नियम होते. १७७० च्या परिषदेत त्यांनी प्रवचनगृहे जागा असेल तेथे अष्टकोनी बांधावीत असे सांगितले होते. नॉर्विच येथील प्रेस्बिटेरियन मंडळीचे अष्टकोनी चॅपेल त्यांना फार आवडले होते. छपराचा चढ रुंदीच्या एक-तृतीयांश असावा, खिडक्या वरून खाली उघडणाऱ्या असाव्यात, बाकांना पाठ नसावी, स्त्रिया आणि पुरुष यांच्यामध्ये कठडा असावा, इतक्या बारकाईने ते लिहीत. त्यांतले बरेच नियम त्यांच्या मृत्यूनंतर पाळले गेले नाहीत. अष्टकोन तर लवकरच मागे पडला, कारण त्याला पुढे वाढवता येत नाही आणि त्याचे छप्पर बांधणे किचकट असते. परंतु एक इशारा मात्र विसरला गेला नाही. प्रवचनगृहे साधी आणि नीटस असावीत, अगदी अटळ असेल त्याहून अधिक खर्च करू नये, असे वेस्ली यांनी बजावले होते. खर्च वाढला की श्रीमंतांची गरज पडेल, गरज पडली की त्यांच्यावर अवलंबून राहावे लागेल आणि शेवटी त्यांचीच सत्ता चालेल, मग मेथडिस्ट शिस्तीला रामराम ठोकावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. वास्तुकलेविषयी इतके रोखठोक राजकीय विधान त्या शतकात दुसऱ्या कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

शंभर वर्षांनंतर या इशाऱ्याचे काय झाले होते, ते चॅपेलच्या अर्थव्यवस्थेकडे पाहिले की दिसते. वेस्लियन चॅपेल विश्वस्तांच्या नावावर असे आणि १८३२ पासून त्यासाठी एक नमुना-दस्तऐवज वापरला जाई, ज्यामुळे इमारत स्थानिक मंडळीच्या हाती जाऊन परिषदेच्या शिस्तीबाहेर निसटू शकत नसे. बांधकामाचा पैसा अंशतः वर्गणीतून येई आणि उरलेला कर्जाने उभा राही. कर्जाचे व्याज फेडण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे बाकभाडे. कुटुंबे तिमाहीला पैसे भरून आपली जागा राखून ठेवत. चांगल्या जागेला अधिक दर, कोपऱ्यातल्या जागेला कमी, आणि गरिबांसाठी काही जागा विनामूल्य. यॉर्कच्या इमारतीचा खर्च साडेसात हजार पौंडांहून अधिक झाला. हिशेबाची जात कळावी म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा अशा इमारतीवर चार हजार पौंडांचे कर्ज पाच टक्क्यांनी आहे, तर वर्षाला दोनशे पौंड व्याजात जातात. आठशे जागा वर्षाला सरासरी सहा शिलिंगांनी (वीस शिलिंगांचा एक पौंड) गेल्या तर दोनशे चाळीस पौंड येतात. उरलेल्या चाळीस पौंडांत दिवाबत्ती, कोळसा, झाडलोट करणारा माणूस आणि फुटलेल्या काचा भागवायच्या, आणि मुद्दल तसेच राहते. अशा जमाखर्चात शंभर जागा रिकाम्या राहिल्या तरी विश्वस्तांची झोप उडणार. म्हणून दीड हजार हा आकडा केवळ उत्साहातून आलेला नव्हता. भाड्याने जाणाऱ्या चांगल्या जागा जितक्या अधिक, तितक्या विनामूल्य जागा देणे परवडते, आणि हे गणित प्रत्यक्ष उतरवायचे काम वास्तुविशारदाचे असते.

म्हणूनच सिम्पसन यांच्या चॅपेलचा विचार गॅलरीपासून सुरू करावा. दीड हजार माणसे एकाच मजल्यावर बसवायची तर माणशी अर्धा चौरस मीटर आणि वर जाण्यायेण्याच्या वाटा धरून साधारण नऊशे चौरस मीटर जागा लागते. इमारत वीस मीटर रुंद धरली तर ती पंचेचाळीस मीटर लांब होते. ध्वनिवर्धक नसताना साधा बोलण्याचा आवाज वीस-पंचवीस मीटरच्या पुढे स्पष्ट राहत नाही, त्यामुळे मागच्या अर्ध्या लोकांना वक्ता दिसेल पण कळणार नाही. निम्मी माणसे वर गॅलरीत घेतली की लांबी एकदम आटोक्यात येते. यॉर्कमध्ये सभागृहाला सभोवार गॅलरी आहे आणि तिचा कठडा कोपऱ्यांत काटकोनात न मोडता वळत जातो. या वळणाचा उपयोग शोभेपेक्षा अधिक आहे. काटकोनी कोपऱ्यात बसलेल्या माणसाला वक्त्याकडे मान वाकडी करून पाहावे लागते आणि ती जागा कमी भाड्यात जाते. वळणावर बसलेला माणूस आपोआप प्रवचनपीठाकडे तोंड करून बसतो. गॅलरीतल्या बाकांच्या रांगा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातात आणि प्रवचनपीठ उंच असते, त्यामुळे वक्ता खालच्या आणि वरच्या श्रोत्यांच्या मधल्या पातळीवर येतो. प्रभुभोजनाचे मेज आणि त्यापुढचा कठडा प्रवचनपीठाच्या पायथ्याशी येतो. १७९५ च्या तडजोडीनंतर वेस्लियनांना आपल्या चॅपेलमध्ये हा संस्कार करता येऊ लागला होता, तरी दृष्टी जाते ती प्रवचनपीठाकडेच.

वरचे सपाट छतही कानासाठीच आहे. छपराचे लाकडी सांगाडे उघडे ठेवले तर खालची हवेची पोकळी वाढते आणि आवाज घुमत राहतो. सपाट पलिस्तरी छत तो आवाज खाली परत पाठवते. शिवाय हिवाळ्यात तापवायची हवाही कमी. गॅलरी असली की खिडक्यांच्या दोन रांगा ओघानेच येतात, एक गॅलरीखालच्या लोकांसाठी आणि एक वरच्यांसाठी. बाजूने पाहिल्यावर अशी चॅपेले दुमजली कारखान्यासारखी दिसतात, ती याच कारणाने. टीकाकारांनी त्यावर पुष्कळ तोंडसुख घेतले, पण आतल्या माणसाला पुस्तक वाचायला उजेड लागतो आणि स्तोत्रे गाणाऱ्या पंथात प्रत्येकाच्या हातात पुस्तक असते.

आता दर्शनी भागाकडे वळू. यॉर्कचे चॅपेल विटांचे आहे. दगड मुख्यतः समोर खर्च झाला आहे, उंच आयोनिक (माथ्यावर वेटोळी असलेल्या ग्रीक धर्तीच्या) स्तंभांच्या मंडपावर आणि त्यावरच्या त्रिकोणी पेडिमेंटवर. रस्त्यावरून चालत आल्यावर मंडप अगदी भरीव आणि आत्मविश्वासपूर्ण वाटतो, आणि बाजूला सरकले की विटांची सरळसोट भिंत लागते. याला दांभिकपणा म्हणणारे आहेत. मला तो तसा वाटत नाही. उपलब्ध दगड कोठे लावला तर सर्वांत जास्त उपयोगी पडेल, याचे ते सरळ उत्तर आहे. बाजूच्या भिंती शेजारच्या घरांच्या आड जाणार होत्या आणि तेथे दगड लावणे म्हणजे वेस्ली यांच्या इशाऱ्याला दोनदा फाटा देणे झाले असते. मंडपाचा खर्च मात्र ‘अगदी अटळ’ होता असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही, हेही मान्य करायला हवे.

मग तो का केला? त्याचे उत्तर सेंट सेव्हियरगेटवरच मिळते. या रस्त्यावर युनिटेरियन या दुसऱ्या पंथाचे १६९३ मधील चॅपेल आधीपासून होते. रस्त्याच्या टोकाला १८३९ मध्ये इंडिपेंडंट या आणखी एका प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीचे सेलम चॅपेल उघडले, ज्याचे वास्तुविशारद यॉर्कचेच जेम्स पिगॉट प्रिचेट होते आणि ज्याचा दर्शनी भाग अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन शैलीतला होता. एका वर्षाच्या अंतराने त्याच रस्त्यावर वेस्लियनांची इमारत उघडत होती, त्यामुळे तुलना टळणार नव्हती. शहराच्या दुसऱ्या भागात विल्यम विल्किन्स यांनी रचलेले यॉर्कशर म्यूझियम १८३० पासून ग्रीक धर्तीच्या डोरिक स्तंभांसह उभे होते. त्या काळच्या यॉर्ककराला स्तंभांचा मंडप दिसला की विद्या, व्यवस्था आणि जबाबदार नागरिक आठवत. टोकदार गॉथिक कमान दिसली की मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचे मध्ययुगीन कॅथेड्रल, आणि चर्च ऑफ इंग्लंड आठवे, आणि १८१८ च्या कायद्यानंतर सरकारी पैशाने उभारलेल्या नव्या चर्चमध्येही स्वस्त गॉथिकचाच सुळसुळाट होता. मेथडिस्टांना त्यापासून वेगळेही दिसायचे होते आणि कमीही दिसायचे नव्हते.

यॉर्कपुरती आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. १८२९ च्या फेब्रुवारीत जोनाथन मार्टिन नावाच्या माणसाने मिन्स्टरला आग लावली, आणि तो पूर्वी वेस्लियन मंडळीत वावरलेला, प्रवचने करणारा होता. मंडळीने त्याला आधीच दूर केले होते आणि न्यायालयाने तो वेडाच्या भरात होता असे ठरवले, तरीही त्या शहरात ‘मेथडिस्ट’ या शब्दाला काही वर्षे धुराचा वास येत राहिला असणार. विश्वस्तांनी मंडप मागताना हा विचार केला होता असा दावा मी करत नाही. पण माथेफिरू उपदेशकांचा पंथ ही प्रतिमा पुसायची गरज त्यांना इतर शहरांतील मंडळ्यांपेक्षा कमी नव्हती.

सिम्पसन यांच्या या नमुन्याला दहाच वर्षांत आतून आव्हान मिळाले. फ्रेडरिक जॉब्सन हे वेस्लियन धर्मोपदेशक होते, पण तरुणपणी लिंकन येथे एडवर्ड जेम्स विल्सन या वास्तुविशारदाकडे शिकले होते, आणि हे विल्सन गॉथिक वास्तूंचे जाणकार अभ्यासक होते. १८५० मध्ये जॉब्सन यांनी चॅपेल आणि शाळांच्या बांधकामावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की चॅपेल हे देवाच्या उपासनेचे घर आहे हे बाहेरून कळले पाहिजे, ते गोदाम किंवा गाण्याच्या मैफलीचा दिवाणखाना वाटता कामा नये. ग्रीक आणि रोमन शैली मुळात मूर्तिपूजकांच्या, तर गॉथिक ही ख्रिस्ती शैली. आणि वर कडी म्हणजे साधे गॉथिक स्तंभांच्या मंडपापेक्षा महाग पडत नाही. शेवटचा मुद्दा सर्वांत प्रभावी होता, कारण तो विश्वस्तांच्या वहीत बसत होता. दगडी स्तंभांवर जाणारा पैसा वाचवून तोच चांगल्या खिडक्यांवर लावावा, हे वेस्ली यांच्या नियमाशीही जुळवता येत होते. बाथचे वास्तुविशारद जेम्स विल्सन यांनी लंडनच्या पॉप्लर भागात १८४८ मध्येच वेस्लियनांसाठी गॉथिक चॅपेल उभे केले होते, त्यामुळे जॉब्सन यांच्या हाती दाखवायला उदाहरणही होते.

ज्या वेळी हा वाद रंगत होता, त्याच वेळी पंथाच्या पायाखालची जमीन हलत होती. परिषदेतील सत्ताधाऱ्यांवर टीका करणारी निनावी पत्रके निघाली आणि १८४९ मध्ये जेम्स एव्हरेट यांच्यासह तीन धर्मोपदेशकांना काढून टाकण्यात आले. एव्हरेट तेव्हा यॉर्कमध्येच राहत होते. पुढच्या काही वर्षांत वेस्लियनांनी सुमारे एक लाख सभासद गमावले. नकाशावर चॅपेले तेवढीच राहिली. १८५१ च्या धार्मिक गणनेत मूळ वेस्लियन शाखेची इंग्लंड आणि वेल्समधील उपासनास्थळे ६,५७९ भरली. पण बाकभाडे भरणारी कुटुंबे उठून गेली आणि कर्ज मात्र जागच्या जागी राहिले. वेस्ली यांनी श्रीमंतांच्या सत्तेची भीती व्यक्त केली होती. प्रत्यक्षात जे नडले ते बरेचसे धर्मोपदेशकांच्या सत्तेवरून होते, आणि तरी इमारतींच्या कर्जामुळे उरलेल्यांतील पैसेवाल्यांचे वजन वाढले, हा भाग त्यांच्या भाकिताप्रमाणेच झाला.

या पडझडीनंतर यॉर्कच्या वेस्लियनांनी पुन्हा एक मोठे चॅपेल बांधले, ते प्रायरी स्ट्रीटवर १८५६ मध्ये, आणि पुन्हा सिम्पसन यांनाच बोलावले. जॉब्सन यांचे पुस्तक येऊन सहा वर्षे झाली होती. सिम्पसन यांनी टोकदार कमानी स्वीकारल्या नाहीत. तेथेही आत गॅलऱ्यांचे सभागृह आणि बाहेर अभिजात वळणाचा दर्शनी भाग आहे. पासष्टीच्या माणसाची सवय म्हणून ते सोडून देता येईल, पण विश्वस्तांनीही तेच मागितले हे विसरता येत नाही. ज्या मंडळीने सोळा वर्षे शताब्दी चॅपेलमध्ये बसून प्रवचन ऐकले होते, तिने नव्या इमारतीसाठी त्याच माणसाला काम दिले, ही सिम्पसन यांच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष आहे.

गॉथिकचा जय नंतरच्या दशकांत झाला, पण तो बहुतेक ठिकाणी बाहेरच्या बाजूला झाला. खरे मध्ययुगीन गॉथिक म्हणजे लांबट मध्यभाग, दोन्ही बाजूंना दगडी खांबांच्या रांगा आणि दूर टोकाला वेदी. मेथडिस्टांना खांबामागे बसून प्रवचन ऐकायचे नव्हते आणि वेदीही नको होती. म्हणून अनेक गॉथिक चॅपेलमध्ये दगडी खांबांऐवजी बारीक लोखंडी खांब आले, गॅलऱ्या टिकल्या, आणि त्या गॅलऱ्यांनी उंच टोकदार खिडक्या मधोमध कापल्या. बाहेर जॉब्सन आणि आत सिम्पसन अशी ही तडजोड डोळ्यांना अनेकदा खुपते. सिम्पसन यांच्या इमारतीत दोन रांगांच्या खिडक्या निदान आतली रचना खरी सांगतात.

त्यांच्या कामातील उणीव दाखवायची तर ती पुनरावृत्तीत आहे. गॅलरीचे सभागृह एकदा साधल्यावर त्यांनी ते फारसे पुढे नेले नाही. दर्शनी भाग जागेप्रमाणे बदलतो, तर मागचे सभागृह त्याच विचाराने येत राहते, आणि या दोहोंचा सांधा क्वचितच विचारपूर्वक जुळवलेला दिसतो. यॉर्कला तो सर्वांत कमी जाणवतो, कारण मंडप इमारतीच्या आकाराला शोभेल इतका मोठा आहे आणि रस्ता अरुंद असल्यामुळे माणूस फार मागे सरकू शकत नाही. लीड्सच्या ऑक्सफर्ड प्लेसचा दर्शनी भाग तर १८९६ ते १९०३ या काळात डॅनबी आणि थॉर्प या वास्तुविशारदांनी अलंकारप्रचुर बरोक थाटात नव्याने रचला. शेजारचे सेलम चॅपेल १९६० च्या दशकात पाडले गेले. सेंट सेव्हियरगेटवरचे शताब्दी चॅपेल मात्र आपल्या मंडपासह आणि गॅलरीसह उभे आहे, आणि इंग्लंडच्या वारसा यादीत ते दुसऱ्या श्रेणीतील तारांकित (Grade II*) इमारत म्हणून नोंदलेले आहे.